ओव्हन नसलेल्या घरात नाताळचे बिस्किट ट्रफल्स : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दर नाताळला आमच्या शेजारच्या आंटींकडून ताट येतं. कुलकुल, नेवऱ्या, पेरूचं चीज आणि प्लम केकचे दोन जाड काप. दिवाळीत आमच्याकडून फराळाचा डबा जातो, तो हिशेब वेगळा. पण आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आईची शिस्त. इतकी वर्षं त्या ताटात साखर घालून ते परत जायचं. चार वर्षांपूर्वी मला वाटलं की या वेळी नाताळचंच काहीतरी करून पाठवू. घरात ओव्हन नाही, केकचा हात नाही. शोधता शोधता ओरिओ बॉल्स सापडले. बिस्किटं दळायची, क्रीम चीजमध्ये मळायची, गोळे वळायचे, चॉकलेटमध्ये बुडवायचे. तीनच जिन्नस, गॅससुद्धा जेमतेम दहा मिनिटं.

पहिल्या वर्षी ते खारट झाले. दुसऱ्या वर्षी चॉकलेटचा दगड झाला. तिसऱ्या वर्षी आवरणाला तडे गेले. चौथ्या वर्षी आंटींनी कृती विचारली. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितोय, चुकांसकट.

आई याला ट्रफल म्हणत नाही. पहिला घाणा बघून ती म्हणाली, “हे तर बिस्किटाचे लाडू!” तिचं अगदी खरं आहे. मूळ ट्रफल म्हणजे चॉकलेट आणि सायीचा मऊ गोळा, कोकोत घोळवलेला. जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीसारखा, मातीने माखलेला दिसतो म्हणून त्याला ते नाव पडलं. बिस्किटाचा हा प्रकार अमेरिकेतल्या घरांतला, डिसेंबरात तिथे घरोघरी होणारा. ओरिओ तिथे १९१२ पासून आहे, आपल्याकडे ते २०११ साली आलं. त्यामुळे आईच्या वहीत ही कृती नाही. पण ज्याला बेसनाचे लाडू वळता येतात त्याचं अर्धं काम झालंय.

१. आधी वेळ बघा, मग सामान

प्रत्यक्ष हाताचं काम दीड तासाचं आहे. फ्रिजचं काम मात्र निदान तीन तासांचं, आणि सगळी फजिती फ्रिजची घाई केल्यामुळे होते. मी दोन दिवसांत वाटून घेतो. २३ तारखेला रात्री मिश्रण करून, गोळे वळून फ्रिजमध्ये. २४ला सकाळी लवकर आवरण. दुपारपर्यंत सजावट, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला आंटी निघायच्या आत ताट त्यांच्या घरी.

सकाळी लवकर असं मुद्दाम म्हणतोय. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात डिसेंबरातसुद्धा दुपारी तीसच्या आसपास पारा असतो, हवाही दमट. दुपारी दोन वाजता चॉकलेट घेऊन बसलात तर गोळे हातात वितळतात आणि आवरण लवकर थिजत नाही. पुणे-नाशिककरांना सकाळची थंडी जास्त साथ देते.

२. सामान

पंचवीस ट्रफल्ससाठी:

- ओरिओसारखी काळी क्रीम बिस्किटं, ३०० ग्रॅम. क्रीम काढायचं नाही, गोडी त्याच्यातच आहे. वरून साखर लागत नाही.
- क्रीम चीज, १५० ग्रॅम
- डार्क किंवा मिल्क कंपाउंड चॉकलेट, ३०० ग्रॅम. प्रत्यक्षात २०० ग्रॅमच्या आसपास संपतं, पण बुडवायला खोली हवी म्हणून जास्त वितळवायचं.
- वरच्या नक्षीसाठी पांढरं कंपाउंड, ५० ग्रॅम
- बिनवासाचं तेल, एखादा छोटा चमचा, लागलंच तर

भांडी: मिक्सरचं कोरडं भांडं, परात, वजनकाटा, बटर पेपर, दोन ताटं, एक काटा-चमचा, काचेचं किंवा स्टीलचं खोलगट भांडं आणि ते ज्यावर बसेल असं पातेलं. वजनकाटा नसेल तर पाकिटावरचं वजन वाचून बेरीज करा. वाटीचं माप इथे फसवतं, कारण दाबून भरलेला भुगा आणि सैल भुगा यांत फार फरक पडतो.

आता सामानातले सापळे. माझं पहिलं वर्ष इथेच गेलं.

*क्रीम चीज आणि चीज स्प्रेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.* दुकानात शेजारी शेजारी असतात, डबेही सारखे दिसतात. पोळीला लावायचं चीज स्प्रेड खारट असतं. मी तेच आणलं होतं. चॉकलेटच्या आत मीठ लागल्यावर भाच्याचा जो चेहरा झाला तो अजून आठवतो. डब्यावर ‘क्रीम चीज’ हेच शब्द हवेत, आणि त्यावर लसूण, मिरी, हर्ब्स असं काही लिहिलेलं नको.

क्रीम चीज मिळालंच नाही तर चक्का चालेल का, असं आंटींनीही विचारलं होतं. चालतो, पण तो रात्रभर टांगून, वर वजन ठेवून अगदी कोरडा झालेला हवा, आणि गोळे दोन दिवसांत संपवायला हवेत. तिसऱ्या दिवशी आंबटपणा वर येतो. श्रीखंडाला तो शोभतो, याला नाही.

*चॉकलेट कोणतं घ्यायचं?* नेहमीच्या खायच्या चॉकलेटच्या वड्या वितळवू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, आणि ते नीट थिजायला विशिष्ट तापमानाचे टप्पे पार करावे लागतात. डार्क चॉकलेट असेल तर ४५ अंशांच्या वर वितळवायचं, २७-२८पर्यंत गार करायचं, पुन्हा ३१-३२पर्यंत आणायचं. याला टेम्परिंग म्हणतात. ते केलं नाही तर आवरण चिकट राहतं आणि त्यावर पांढुरके पट्टे उमटतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तूप असतं, त्यामुळे वितळवा, बुडवा, थिजलं, इतकं सोपं. चवीला खरं चॉकलेटच सरस, यात वाद नाही. पण पहिल्या वर्षी कंपाउंडच घ्या. मोर्डे, व्हॅन हाउटन वगैरेंच्या लाद्या केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या भागात आणि पुण्यात बोहरी आळीत गेलात तर कागदी कप, बटर पेपर, खोके सगळं एका फेरीत होतं.

*हिरवा ठिपका बघा.* ही कृती अंड्याशिवायची आहे, म्हणून इमारतीत सगळ्यांकडे पाठवता येते. पण सजावटीला मार्शमॅलो घेतलेत तर त्यात बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी घरात डबा जाणार असेल तर प्रत्येक पाकीट उलटून बघायचं.

३. बिस्किटं दळणं

मिक्सरचं भांडं हुंगून बघा. हसू नका. सकाळी त्यात लसणाची चटणी वाटलेली असेल तर साबणाने धुऊनही वास राहतो आणि तो थेट ट्रफलमध्ये उतरतो. भांडं पूर्ण कोरडं हवं.

बिस्किटं हाताने मोडून थोडी थोडी घाला. मिक्सर सलग फिरवू नका. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, आतलं क्रीम वितळतं आणि भुग्याचे लगदे होऊन पात्याला चिकटतात. भुगा बारीक रव्यासारखा हवा. मोठे खडे राहिले की गोळे वळताना तिथेच चिरतात. शंका असेल तर चाळून घ्या.

दोन मोठे चमचे भुगा बाजूला काढून ठेवा. मिश्रण सैल झालं तर तो वाचवतो, नाही झालं तर सजावटीला येतो.

४. मळणं

क्रीम चीज अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. थंडगार असेल तर पांढऱ्या गुठळ्या राहतात. परातीत आधी ते एकटंच चमच्याने फेटून मऊ करा, मग भुगा घाला आणि हाताने एकत्र करा. हे मिक्सरमध्ये करू नका, क्रीम चीज जास्त घुसळलं की पातळ होतं.

सुरुवातीला वाटेल की एवढ्याशा चीजमध्ये हे कसलं मिळून येतंय. दूध घालायचा मोह होईल. घालू नका. दोन मिनिटं मळत राहिलात की ते कणकेसारखं गोळा होतं. मुठीत दाबल्यावर आकार धरला आणि तळव्याला जेमतेम तेलकटपणा राहिला की झालं. चिकटत असेल तर बाजूचा भुगा चिमूट चिमूट घाला.

रम घालायची असेल तर ती याच टप्प्यावर, वरच्या मापाला एक मोठा चमचा, आणि तेवढाच भुगा जास्त. आंटींच्या मते रमशिवाय नाताळ नाही. मी दोन वेगळे घाणे करतो आणि रमवाल्यांवर नक्षी वेगळी काढतो, कारण ताटावर पहिला हात पोरांचा पडतो.

मिश्रण झाकून एक तास फ्रिजमध्ये.

५. वळणं

एकेक गोळा १८ ग्रॅमचा, म्हणजे सुपारीहून मोठा आणि लिंबाहून लहान. पहिले तीन-चार वजन करून वळा, पुढे हाताला अंदाज येतो. आवरण चढलं की तो आणखी फुगतो, म्हणून लाडवाएवढा करू नका. एका घासात जावा असा हवा.

तळवे गरम असणाऱ्यांनी मधून मधून गार पाण्याखाली हात धरावेत आणि खडखडीत पुसावेत. मिश्रण मऊ पडायला लागलं तर पुन्हा दहा मिनिटं फ्रिज. वळलेले गोळे बटर पेपर घातलेल्या ताटात, एकमेकांना न चिकटता. मग दोन तास फ्रिजमध्ये, किंवा झाकून रात्रभर.

फ्रीजर चालेल का? वीस मिनिटं चालेल. रात्रभर ठेवून दगड करू नका. तिसऱ्या वर्षी मी तेच केलं. बर्फासारखे गोळे कोमट चॉकलेटमध्ये बुडवले, आवरण क्षणात थिजलं, छान वाटलं. पंधरा मिनिटांनी एकेकाला बारीक तडे. आतला गोळा खोलीच्या उबेने फुगला आणि वरचं कवच फुटलं. गोळा थंड हवा, गोठलेला नको. फ्रिजमधून काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून मग बुडवा. त्याहून जास्त थांबलात तर दमट हवेत त्यांना घाम सुटतो आणि ओल्या गोळ्यावर चॉकलेट धरत नाही.

शिवाय आमच्या फ्रीजरमध्ये बोंबील असतात. तुमच्याकडेही असतील तर डबा घट्ट झाकणाचाच घ्या. चीज आणि चॉकलेट दोन्ही वास पटकन ओढून घेतात.

६. चॉकलेट वितळवणं

इथे एकच शत्रू आहे, पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन थेंब पाणी पडलं की त्यातली साखर आणि कोकोचे कण ते शोषून एकमेकांना चिकटतात, आणि गुळगुळीत चॉकलेटचा बघता बघता खरखरीत गोळा होतो. दुसऱ्या वर्षी मी भांड्यावर झाकण ठेवलं होतं. झाकणाला वाफ जमली, थेंब खाली पडले, ३०० ग्रॅम चॉकलेट गेलं.

चॉकलेट सुरीने बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. हो, बंद. त्यावर चॉकलेटचं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये, आणि बाजूने वाफ वर येणार नाही इतकं ते पातेल्यावर घट्ट बसायला हवं. तीन-चार मिनिटं हात न लावता ठेवा, मग कोरड्या चमच्याने हलवा. लाकडी चमचा नको, त्यात ओल लपून राहते. भांडं उचलल्यावर बुड लगेच फडक्याने पुसा. ताटावर हात नेताना त्या बुडाचेच थेंब गोळ्यांवर पडतात.

मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, दरवेळी बाहेर काढून हलवायचं. तुकडे आकार धरून असले तरी आतून वितळलेले असतात, म्हणून हलवल्याशिवाय अंदाज येत नाही. पांढरं कंपाउंड सगळ्यांत आधी जळतं, त्याच्यावर डोळा ठेवा.

दाट वाटलं तर छोटा चमचाभर सूर्यफुलाचं तेल. खोबरेल घालू नका असं सांगायची गरज पडू नये, पण आमच्याकडे घरात तेवढंच तेल हाताशी होतं आणि सगळ्या घाण्याला केसांचा वास आला.

पांढऱ्या कंपाउंडला लाल-हिरवा रंग द्यायचा असेल तर नेहमीचा बाटलीतला खायचा रंग चालत नाही. तो पाण्यातला असतो, म्हणजे पुन्हा तोच दगड. चॉकलेटसाठीचे तेलातले रंग वेगळे मिळतात. नाही मिळाले तर पांढरी नक्षीच पुरते, बर्फ म्हणून खपते.

चॉकलेटचा दगड झालाच तर रडू नका. त्यात गरम दूध घालून ढवळत राहिलात तर ते पुन्हा सैल होतं. आवरणाला उपयोगी पडत नाही, पण प्यायला झकास.

७. बुडवणं

चॉकलेट बोटाला कोमट लागेल इतकं निवू द्या. गरम असेल तर गोळा त्यातच विरघळायला लागतो आणि काळे कण चॉकलेटभर पसरतात.

एका वेळी पाच-सहाच गोळे फ्रिजबाहेर काढा. गोळा चॉकलेटमध्ये सोडा, चमच्याने वरून चॉकलेट घाला, काट्यावर उचला. गोळ्यात काटा खुपसायचा नाही, खालून आधार द्यायचा. काटा भांड्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच आपटा, जादा चॉकलेट गळून पडेल. मग काट्याची खालची बाजू कडेला पुसून गोळा बटर पेपरवर सरकवा. पुसलं नाही तर थिजताना गोळ्याभोवती थारोळं साचतं. साचलंच तर थिजल्यावर सुरीने कापून टाका, कागदी कपात कोणाला कळत नाही.

भुगा किंवा बदामाचे काप वर घालायचे असतील तर प्रत्येक गोळ्यावर लगेच. गोळा थंड असल्यामुळे आवरण मिनिटभरात थिजतं, सगळे झाल्यावर भुरभुरवलेलं सगळं खाली पडतं. पांढऱ्या रेघा मात्र शेवटी: वितळलेलं पांढरं कंपाउंड मेंदीच्या कोनासारख्या कागदाच्या कोनात भरायचं, टोक किंचित कापायचं आणि हात न थांबवता झरझर ओढायच्या. थांबलात की ठिपका पडतो.

८. दुसरा प्रकार : सुंठ-संत्रं

खरं सांगायचं तर मला ओरिओवाल्यांपेक्षा हे जास्त आवडतात. क्रीम चीज लागत नाही, खर्चही कमी.

३०० ग्रॅम मारी किंवा पार्ले-जी दळून घ्या. त्यात दीड चमचा सुंठ, एक चमचा दालचिनी पूड, तीन-चार लवंगांची पूड, चिमूटभर जायफळ. चमचा म्हणजे चहाचा. दोन संत्र्यांची साल किसून घाला. डिसेंबरात बाजारात नागपुरी संत्री असतातच. कोमट पाण्याने चोळून धुवा, कोरडी करा आणि सोलायच्या आधीच किसा. या संत्र्याची साल सैल असते, जोर दिला की किसणीवर फाटते, म्हणून हलक्या हाताने फक्त वरचा केशरी थर घ्या. खालचा पांढरा भाग कडू असतो. रस घालू नका, ती ओल जास्त होते.

दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी आणि साधारण अर्धा डबा, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, कंडेन्स्ड मिल्क. एकदम ओतू नका. बिस्किटागणिक शोषण बदलतं, म्हणून तीन-चार वेळा करून घाला आणि गोळा वळता येऊ लागला की थांबा. सुंठ आधी तिखट लागते, रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की बसते. यावर पांढरं कंपाउंड चढवा आणि वर केशरी सालीचा एखादा कीस.

९. ठेवणं आणि पाठवणं

क्रीम चीजवाले घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस. कंडेन्स्ड मिल्कवाले आठवडाभर. पाहुण्यांसमोर मांडलेले दोन तासांहून जास्त बाहेर नकोत. फ्रिजमधून काढल्यावर झाकण लगेच उघडू नका. बंद डबाच दहा मिनिटं बाहेर राहू द्या, म्हणजे घाम डब्याला सुटतो, चॉकलेटला नाही.

बरेच आधी करून ठेवायचे असतील तर आवरण न चढवलेले गोळे फ्रीजरच्या डब्यात महिनाभर टिकतात. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये आणायचे, सकाळी बुडवायचे. एसटीने किंवा कुरियरने मात्र मी पाठवत नाही. एकदा सोलापूरला मावशीकडे पाठवले होते, तिने डब्यात पळी घालून खाल्ले.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा: दूध आणि गहू आहे, बदाम आहेत की नाहीत, रम आहे की नाही.

भांड्यात उरलेल्या चॉकलेटमध्ये मक्याचे पोहे आणि थोडे शेंगदाणे टाका, चमच्याने बटर पेपरवर ढिगुल्या घाला आणि फ्रिजमध्ये सरकवा. ताट गेल्यावर घरच्यांसाठी तेवढंच उरतं.